पारोळ्याचा झेंडा

परवा पिंप्राळ्याच्या घरी गोधड्या उन्हात टाकल्या. तापलेल्या सुती कापडाचा वास आला आणि मला शाळेतली खो-खोची स्पर्धा आठवली.

धुळ्याला प्रत्येक गावाच्या संघाने आपला झेंडा घेऊन संचलन करायचं होतं. आमच्या पारोळ्याला झेंडाच नव्हता. मग शेजारच्या अक्कांनी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून आमच्या गावच्या किल्ल्याचे लाल बुरूज केले आणि खाली पांढऱ्या दोऱ्याने कापसाची बोंडं भरली.

मैदानावर दोंडाईच्याच्या मुली हसल्या, "गोधडी आणली का गं?" मी काठी घट्ट धरून चालत राहिले. तेवढ्यात वारा सुटला, झेंडा पूर्ण उघडला आणि उन्हात बुरूज झळाळले. गर्दीतून एक अनोळखी आबा उठून ओरडले, "आपलं पारोळं शे ते!" सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं.

पहिलाच सामना आम्ही हरलो. पण नंतर त्याच मुली येऊन एकेका टाक्यावरून बोट फिरवत बसल्या. पुढे मी कितीतरी छापील झेंडे पाहिले; एकालाही हात लावावासा वाटला नाही.

त्या दिवशी स्पर्धेहून गावी परतल्यावर मी म्हणाले, "अक्का, हरलो. पण झेंड्याला सगळ्यांनी हात लावून पाहिलं."

अक्कांनी झेंडा उजेडात धरून निरखला. "हात तरी धुयेल व्हतात का त्यासना?"