बाटलीमागे एक चमचा

"झाकण उघडलास ना?"

फोन उचलल्यावर काकांचा पहिला प्रश्न हाच. पलीकडच्याने अजून नमस्कारही केलेला नसे. मग चोरट्या आवाजात कबुली, "दोनदाच उघडलं, काका."

"दोनदा म्हणजे पाचदा," असं म्हणून काका माझ्याकडे बघून डोळा मारायचे. "नक्को रे बाबा. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी झाकण काढून भात बघतोस का? मग बिअरच्या बादलीनंच तुझं काय घोडं मारलंय?"

काका जाऊन आता दीड वर्ष झालं. सिकंदराबादला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. लहानपण हैदराबादच्या जामबागेत गेलेलं, नोकरी रेल्वेच्या प्रयोगशाळेत. स्टेशनांवरचं पिण्याचं पाणी तपासायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. ते निवृत्त झाले तेव्हा परदेशातल्या जावयाने भेट म्हणून घरी बिअर करायचा संच पाठवला. माल्टच्या घट्ट पाकाचा डबा, यीस्टची पुडी, झाकणात हवा सोडायची नळी असलेली मोठी बादली, आणि गोडी मोजायला काचेचा हायड्रोमीटर. जावयाला वाटलं सासरे खूश होतील. सासऱ्यांनी आधी माहितीपत्रकातल्या तीन चुका काढल्या.

गंमत म्हणजे काका पीत नसत. चवीपुरते दोन घोट घ्यायचे, जिभेवर फिरवायचे, आणि पाण्याचा नमुना पास करावा तशी मान हलवायचे. त्यांना पिण्यात रस नव्हता, बादलीत काय चाललंय यात होता. रोज सकाळी तिच्यावर तळहात टेकायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

पाहता पाहता शहरभरचे नवशिके त्यांना फोन करू लागले. बहुतेक पुण्या-मुंबईहून इथे नोकरीला आलेले, माझ्यासारखे. घरी बिअर करणं कायद्यात कुठे बसतं हे आमच्यापैकी कुणी नीट विचारलं नव्हतं. माझ्या अपराधांच्या यादीत तोही एक आहे, पण आज सांगायचा आहे तो दुसरा.

काकांचं बोलणं तुम्ही ऐकायला हवं होतं. कुणी रडवेला होऊन सांगायचा, "काका, नळीतून बुडबुडे येत नाहीत. यीस्ट मेलं!"

"यीस्ट नाही मेलं, तू मरायलास. झाकण नीट बसलं नसंल, हवा बाजूनं जात असंल. आत कडेला फेसाचा पट्टा दिसतो का? हौ ना? मग काम चालू आहे. परेशान होऊ नको."

"काका, सडक्या अंड्यासारखा वास येतोय."

"येऊ दे. चार दिवसांत जाईल. तुझ्या मोज्यांचा जातो का?"

मे महिन्यात सगळ्यांचा प्रश्न एकच, उकाडा. काका सांगायचे, "बादली पाण्याच्या टबात ठेव, वरून ओलं गोणपाट गुंडाळ, पंखा लाव. आणि यीस्ट गरम पाकात टाकू नको. हैदराबादचं ऊन आपल्याला सोसंना, त्या बिचाऱ्याला कसं सोसंल?"

एक नियम मात्र ते हसत सांगत नसत. हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवस सारखा आल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत. आकडा उतरत असेल तर यीस्ट अजून साखर खातंय, आणि बंद बाटलीत त्याने खायचं ठरवलं तर बाटली फुटते. "काच आहे ती," एवढंच म्हणायचे.

आता माझं.

माझे साडू पुण्याहून येणार होते. त्यांच्याकडे सगळंच आमच्यापेक्षा जरा बरं असतं: गाडी, मुलांचे मार्क, गुडघे. मी फोनवर बोलून बसलो होतो, "या, घरी केलेली बिअर पाजतो." बाटल्या भरल्यावर दोन आठवडे थांबावं लागतं. तारखा जुळवायच्या तर भरायला एकच रविवार उरला होता. आणि माझा आकडा उतरतच होता. शुक्रवारी अठरा, शनिवारी सोळा, रविवारी पंधरा.

"तीन दिवस सारखा?" काकांनी विचारलं.

"सारखा," मी म्हणालो. "पंधरा."

गुडघ्यामुळे त्यांना जिना चढून माझ्याकडे येणं व्हायचं नाही. "तू म्हणतोस ना, झालं तर," एवढंच बोलले. बादली मीच खाली नेली. बाटल्यांना बुचं लावायचं हातयंत्र त्यांनी अफझलगंजच्या बाजारातून शोधून आणलेलं होतं, आणि फेस धरण्यासाठी बाटलीत साखर घालायचं काम ते दुसऱ्याला देत नसत. बाटलीमागे एक सपाट चमचा, मोठ्याने मोजत. निम्म्या बाटल्या झाल्या आणि एका नवशिक्याचा फोन आला. काकांनी चमचा हातात धरूनच त्याला समजावलं, मग परत मोजायला लागले. बाटल्या त्यांच्याच कोठीच्या खोलीत ठेवल्या. तिथे गारवा असे, आणि काकूंच्या लोणच्याच्या बरण्याही तिथेच.

दहाव्या दिवशी दुपारी मोठा आवाज झाला. मी धावत खाली गेलो तेव्हा चार बाटल्या फुटल्या होत्या आणि पाचवी आमच्यासमोर फुटली. कुणाला लागलं नाही. पण काकूंनी वर्षभरासाठी घातलेल्या आवकायच्या, कैरीच्या तिखट लोणच्याच्या, दोन्ही बरण्या गेल्या. लाल तेल, फेस आणि काचा उंबऱ्यापर्यंत वाहत आल्या होत्या.

काकू तोंडाला पदर लावून उभ्या. काका मात्र त्या काचांकडे बघत होते.

"दोनदा पडली," ते म्हणाले. "फोन आला तेव्हा माझी मोजणी चुकली. काही बाटल्यांत साखर दोनदा पडली माझ्या हातून."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, त्या पोराला बाजूला करा, पायात काच जाईल." वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला कुणीतरी पोर म्हटलं होतं, आणि मी पोरासारखाच बाजूला झालो. ते वाक्य राहिलं ते राहिलंच.

साडू आले, दुकानातली बिअर पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग रविवारी, मग सण झाल्यावर. जितके दिवस जात होते, तितकं सांगणं अवघड होत होतं. लोणच्याचं काय, मी दोन बरण्या विकत आणून दिल्या. काकूंनी त्या ठेवून घेतल्या, त्यातलं पानात कधी वाढलं नाही.

काका मात्र बदलले. फोन आला की म्हणायचे, "मला आता कळंना झालंय रे. दुसऱ्या कुणाला विचार." बादली माळ्यावर गेली. मला वाटलं, लोणच्यापायी काकूंनी बंदी घातली असेल. असं वाटून घेणं माझ्या सोयीचं होतं.

चार महिन्यांनी एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, मांडीवर कागदांची फाईल. काकू आत चहा टाकत होत्या. काका हळू आवाजात बोलायला लागले.

"आज डॉक्टरकडं जायलो. डोक्याच्या. तू येशील का संग?"

"काय झालं काका?"

"माझ्या मोठ्या भावाचं तुला ठाऊक नाही. आधी पैसे मोजताना चुकायचा, मग नावं. शेवटी जामबागेतलं घर विकून तीस वर्षं झाली होती, तरी त्या दारात जाऊन कडी वाजवायचा." ते फाईलच्या दोरीशी चाळा करत होते. "माझं त्या साखरेपासून सुरू झालं बघ. चाळीस वर्षं नमुने मोजले, कधी चूक नाही. डॉक्टर विचारील, काय काय विसरता. हिच्या तोंडून मला ते ऐकवणार नाही. तू सांग."

मी सांगितलं. डॉक्टरांना नव्हे, त्यांनाच, तिथल्या तिथे. अठरा, सोळा, पंधरा. साडूंचं. "सारखा" म्हणालो तेही. सांगताना मी त्यांच्या बुटांकडे बघत होतो.

काकांनी फाईलची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

"आणि साखर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर होती, काका. प्रत्येक बाटलीत एकच चमचा. मी शेजारी उभा होतो, मी बघत होतो."

"फोन आल्यावरसुद्धा?"

"तुम्ही एकोणिसाव्या बाटलीवर थांबला होतात. फोन ठेवून वीस म्हणालात."

ते ताडकन उठले. दुखऱ्या गुडघ्याची आठवणही त्यांना राहिली नाही. "अगं ए," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "साखर बरोबर होती! ऐकलीस का? साखर बरोबर होती!"

काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलेलं दिसत होतं. दोन कप टेबलावर ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"चार महिने हा माणूस दिवसातून दहा वेळा गॅस बंद आहे का बघायला उठायचा," त्या म्हणाल्या. "नातवंडांची नावं वहीत लिहून पाठ करायचा. तुम्ही वरच राहत होतात."

एरवी त्या मला अरे-तुरे करायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही म्हणाल्या.

काका तोवर बूट काढून बसले होते. डॉक्टरांची फाईल त्यांनी सोफ्याखाली सरकवली आणि मोबाइल काढला. ज्यांना "मला कळंना झालंय" म्हणून परत पाठवलं होतं, त्यांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली.

"हां, मी बोलायलो. अरे, त्या वेळी तू काय विचारत होतास? वर पांढरं जमलं म्हणून? बुरशीसारखं केसाळ होतं का साधा फेस? फेकून दिलास? सगळी बादली? आरं देवा..."

काकूंनी माझ्यासमोरचा कप उचलला आणि आत नेला. मी तसाच बसून राहिलो. उठावं तर कसं, बसावं तर कसं, तेच कळत नव्हतं.

काका फोनवर खदखदून हसत होते. माझ्याकडे त्यांचं लक्षही नसावं. तसंच हसत, मोबाइल खांद्याने कानाशी धरून, त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी टेबलावरून माझ्याकडे सरकवली.