हशाला जागा

नाकेदारांना खुर्ची दिली की ते ती उचलून दुसरीकडे ठेवायचे आणि उभेच राहायचे. घरी असो, शाळेत असो, तालमीला असो, हाच प्रकार. चहाचा कप हातात घेऊन खोलीभर फिरणार, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, माझ्या वह्यांचा गठ्ठा उगाच या टेबलावरून त्या टेबलावर नेणार. मला मेलं बघून गरगरायचं. एकदा चिडून मी म्हटलं, "नाकेदार, टेका हो जरा. देवानं माणसाला बसायला म्हणून काही दिलंय." ते म्हणाले, "दिलंय, पण मापाचं नाही दिलं, बाई." आणि तेवढं बोलून गच्चीवर माझे पापड उलटायला गेले.

त्यांना चांगलं चारचौघांसारखं नाव होतं, पण नगरमध्ये ते कुणी घेत नसे. शहराच्या कडेला जकात नाक्यावर ते कारकून होते, म्हणून नाकेदार. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. आमचं एक हौशी नाटक मंडळ होतं. सत्तर सालाच्या आगेमागे नगरसारख्या गावात रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच, त्यामुळे नाकेदारांच्या बायकोचं काम बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचं. चार वर्षांत मी त्यांची बायको झाले, विहीण झाले, एकदा तर आईसुद्धा झाले. त्यांची खरी बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पहिल्या रांगेत शेंगा खात सगळं बघायच्या आणि नंतर म्हणायच्या, "तुमचं बरंय बाई, दोन तासांत सुटता."

नाक्यावर दिवसभर माणसांची रीघ. श्रीगोंद्याहून गूळ घेऊन येणारे, पारनेरच्या बाजारातून शेळ्या आणणारे, ट्रकवाले, वऱ्हाडाच्या गाड्या. पावती फाडता फाडता नाकेदार सगळ्यांना डोळ्यांत भरून घ्यायचे आणि संध्याकाळी तालमीला आले की एकेकाला आमच्यापुढे चालवून दाखवायचे. हवालदार, वकील, दाढ दुखणारा ड्रायव्हर, तीन मुलींचा बाप. चेहऱ्याला रंग नाही की डोक्याला टोप नाही. आधी चाल यायची, मग आवाज यायचा, आणि आम्ही म्हणायचो, अरे, हा तर खरंच सकाळी बाजारात दिसला होता.

नागापूरला तेव्हा नवे कारखाने निघत होते आणि आमच्या मंडळातले दोघंजण तिथं लागले होते. एका प्रयोगाच्या दिवशी दुपारी निरोप आला, दोघांची पाळी बदलली, येत नाहीत. एक होता डॉक्टर, दुसरा घरमालक, आणि दुसऱ्या अंकात दोघांचं कडाक्याचं भांडण. मी डोक्याला हात लावला. नाकेदार म्हणाले, "मी आहे की." तुम्ही आधीच भाडेकरू आहात, मी ओरडले. "मग काय झालं, तिघं एकाच घरात राहतात," म्हणाले. टोपी घातली की घरमालक, काढली की डॉक्टर, असे ते स्वतःशीच वीस मिनिटं भांडले. मध्येच माझ्याकडे, म्हणजे भाडेकरूच्या बायकोकडे, वळून म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा, आमच्या दोघांत खोटं कोण बोलतंय?" हे संहितेत कुठंच नव्हतं. मी पाठ फिरवून पदर तोंडात कोंबला. पुढच्या प्रयोगाला दोघं नट आले, तर लोकांनी तक्रार केली की मागच्या वेळी नाटक जास्त चांगलं होतं.

पण ही झाली नक्कल, आणि नकला गावात पाचजण करतात. नाकेदारांना हशा कळायचा. त्यांचं म्हणणं, "हशा म्हणजे पाहुणा, बाई. तो दारात आला की आपण बोलणं थांबवायचं, त्याला आत येऊ द्यायचं. पण पुरतं बसू द्यायचं नाही. तो टेकतोय असं वाटलं की पुढचं वाक्य." मी जात्याच उतावळी. समोर लोक हसत असतानाच माझं वाक्य सुटायचं आणि वाया जायचं. मग त्यांनी उपाय काढला. मी तोंड उघडायच्या बेतात असले की ते हळूच माझ्या साडीच्या काठावर पाय ठेवायचे. पाय उचलला की बोलायचं. माझ्या दोन चांगल्या साड्या त्यात गेल्या, पण मला थांबता येऊ लागलं. गावागावाचा हशा त्यांना पाठ होता. श्रीगोंद्याला लोक आधी शेजाऱ्याकडे बघतात, मग हसतात, तिथं एक श्वास जास्त थांबायचं. नगरला पुढच्या रांगा पेन्शनरांच्या, तिथं हशा मागून पुढं येतो. मला हे सगळं तेव्हा थट्टेचं वाटायचं.

दुष्काळाच्या साली त्यांच्या डोक्यात आलं की पारनेरकडे रस्त्याच्या कामावर लोक खडी फोडताहेत, त्यांच्यापुढं दुपारच्या सुट्टीत खेळ करायचा. मी म्हटलं, त्यांचे जीव मेटाकुटीला आलेत, तुमचं काय बघतात? ऐकतील तर ते नाकेदार कसले. टेम्पो करून गेलो. माळावर उन्हात चार-पाचशे माणसं बसलेली, पुढ्यात भाकरी, आणि चेहऱ्यावर काही नाही. पंधरा मिनिटं झाली तरी एकजण हसेना. नाकेदारांची तर तगमग सुरू झाली. ते जास्तच धावायला लागले, पडायला लागले, घामानं निथळले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी, मांडीवर हातोडा ठेवलेला, शांतपणे म्हणाली, "आरं बाबा, वाईच दम खा की. तुला बघून आमालाच धाप लागाया लागली. दिसभर आमी दुसरं काय करतुय?"

सगळा माळ हसला. नाकेदार जागच्या जागी थांबले. तिचा हशा त्यांनी पुरता वर चढू दिला, आणि उतरायला लागताच तिला हात जोडून म्हणाले, "थांबलो, आजी. मुकादम आला तर माझी बी हजेरी लावा." त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत लोक हसत होते आणि त्या आजी डोळे पुसत होत्या. परत येताना टेम्पोत नाकेदार मागच्या फळीला धरून उभेच होते. म्हणाले, "किती बरोबर जागा धरली तिनं. तिला कुणी शिकवलं असेल हो?"

त्याच सुमारास मुंबईत टेलिव्हिजन आलं. नगरला ते दिसत नव्हतं. पुण्याच्या स्पर्धेत आमचं नाटक पाहिलेल्या एका निर्मात्याचं पत्र आलं, की तुमच्या नाटकातला नवरा-बायकोचा तुकडा पंधरा मिनिटांत बसवा, दोघं या, जमलं तर पुढं नेहमीचं काम. नाकेदार पत्र घेऊन शाळेत आले आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालत म्हणाले, "एका वेळी हजारो लोक, बाई. एवढा मोठा हशा आजवर कुणी ऐकलाय?" दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. म्हणाल्या, "हातची नोकरी आहे, पेन्शन आहे. तुम्ही सांगा त्यांना, तुमचं ऐकतात." मी काय सांगणार? मलाही टीव्हीवर दिसायचं होतं. म्हटलं, रजा काढून जाऊन तर येऊ.

स्टुडिओत गारठा होता आणि चिडीचूप शांतता. प्रेक्षक नाहीत. तीन कॅमेरे, ते ढकलणारी माणसं, आणि जमिनीवर खडूच्या खुणा. एका खुणेवर नाकेदारांना उभं करून सांगितलं, इथून हलायचं नाही. ते हलले नाहीत. पहिलं वाक्य झकास म्हणाले आणि थांबले. मीही थांबले, कारण त्यांचा पाय माझ्या साडीच्या काठावर होता. निर्माते आतून बाहेर आले. "काय झालं? वाक्य विसरलात?"

"नाही. हशा आहे तिथं," नाकेदार म्हणाले.

"कुणाचा हशा?"

नाकेदारांनी इकडंतिकडं बघितलं. एक कॅमेरावाला बिचारा भिडेखातर हसला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. चूक त्यांची एकट्यांची नव्हती. ज्या ज्या जागी नगर चार वर्षं हसलं होतं तिथं आमची तोंडं आपसूक मिटायची. तिसऱ्या खेपेला निर्माते कुणाला तरी हळूच म्हणाले, "जेवणानंतर एकदा बघू, नाहीतर दुसरं कुणी बोलवा." हळू म्हणाले, पण त्या शांततेत आम्हाला ऐकू आलं. नाकेदारांचा चेहरा असा उतरला की मला भडभडून आलं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना जिन्याखाली नेलं. पाठांतर करून घेणं हा माझा धंदाच. संहितेची गुंडाळी केली आणि म्हटलं, "समोर कुणी नाही. मनाशी पक्कं करा, कुणी नाही. माझं वाक्य संपायच्या आत तुमचं सुरू झालं पाहिजे." ते थांबले की मी गुंडाळीनं त्यांच्या हातावर मारायची, शाळेतल्या पोरीला मारावं तशी. "कोण आहे समोर?" मी विचारायची. "कुणी नाही," ते म्हणायचे. बारा-पंधरा वेळा घोकून घेतलं. नाकेदार मुकाट्यानं शिकले, गुणी विद्यार्थी होता तो माणूस. जेवणानंतर एका दमात सगळं पार पडलं, कुठं अडखळणं नाही, कुठं थांबणं नाही. निर्मात्यांनी हात मिळवला. "बाईंनी वाचवलं मला," नाकेदार सगळ्यांना सांगत सुटले, आणि खोटं कशाला बोलू, परतीच्या एसटीत मी अभिमानानं नुसती फुगले होते.

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत, मग त्यांनीच ट्रंक भरून दिली. मला पुन्हा बोलावणं आलं नाही, नाकेदारांना मात्र येतच राहिलं. पोस्टमन, न्यायाधीश, वैद्य, मुका आचारी, सासरा, भूत, एकदा केलेलं सोंग पुन्हा नाही. पत्रं यायची, दोन-चार ओळींची, तीही धावत्या अक्षरात. "आता खूण चुकत नाही," एकदा लिहिलं होतं. पुण्याला टीव्ही दिसू लागल्यावर माझ्या मावसबहिणीच्या घरी मी त्यांना एकदाच पाहिलं. छान काम करत होते. दिवाणखान्यात आठ-दहा माणसं होती. कुणी हसलं, कुणी पोहे मागितले, आणि तेवढ्यात त्यांची दोन वाक्यं निघूनही गेली. मला का कोण जाणे, चैन पडेना. पाय हलवत बसले. बहिणीनं विचारलं काय होतंय, तर मी म्हटलं, काही नाही, मत्सर वाटतोय. मलाही तेच वाटलं होतं.

दीड-दोन वर्षांनी मंडळानं त्यांना नगरला बोलावलं. जुनंच नाटक, जुनीच बायको. एकच तालीम झाली, रिकाम्या थिएटरात, आणि ती उत्तम झाली. रविवारी दुपारच्या प्रयोगाला श्रीगोंद्यापासून लोक आले. खुर्च्या पुरल्या नाहीत, बाजूला सतरंज्या टाकल्या. नाकेदार आले तेव्हा टाळ्या थांबेनात. त्यांनी पहिलं वाक्य टाकलं आणि छप्पर उडेल असा हशा झाला.

ते थांबले नाहीत. दुसरं वाक्य त्या हशात बुडालं, तिसरंही बुडालं. मी मुद्दाम माझं वाक्य अडवून धरलं. तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी ते विसरलेच आहे, आणि माझंच वाक्य हळूच मला सांगितलं. मागून आवाज आले, "काय म्हणाले? ऐकू येईना." कुणीतरी हसणाऱ्याला "श्शू" केलं. नगरची माणसं हो ती, आपल्या माणसाचं एक अक्षर चुकू नये म्हणून त्यांनी हसू आवरायला सुरुवात केली. दुसऱ्या अंकात सभागृह गप्प झालं होतं. सगळे कान देऊन ऐकत होते, आणि नाकेदार स्वच्छ, न चुकता, भराभर बोलत होते. वहिनींच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. शेवटी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

रंगपटात नाकेदार तोंडाचा रंग पुसत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होते. म्हणाले, "नगर बदललं, बाई. आज कुणी हसलंच नाही."

"हसले की. पहिल्याच वाक्याला सगळं थिएटर हसलं. लोक दोन मिनिटं हसत होते."

"कधी?"

ते थांबले आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

माझा धीर सुटला. मी रडले. म्हटलं, "माझं चुकलं, नाकेदार. समोर कुणी नाही हे मीच तुमच्याकडून घोकून घेतलं. मारून मारून घोकून घेतलं."

"तुम्ही बरोबर शिकवलंत. त्याच्यावर माझं घर चाललंय," ते म्हणाले. राग नव्हता त्यांच्या आवाजात, तो असता तर बरं झालं असतं. "आता एवढं करा, बाई. शिकवलेलं विसरायचं कसं, ते शिकवा. उद्या सकाळच्या एसटीनं जायचंय, तोवर वेळ आहे."

पुढं तीस वर्षं मी मुलींना शिकवलं. ते मला तेव्हा येत नव्हतं आणि नंतरही आलं नाही.