दर्शना टीचरचे डबे

मसाल्याच्या गल्लीमागच्या चाळीत दर्शना परबचा इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे, पण लालबागमध्ये त्याला क्लास कोणी म्हणत नाही. डबे म्हणतात. 'कुठे चाललीस गो?' तर 'डब्यांना.' नवख्याला वाटावं, बाई पोळीभाजी करून देते.

तर हे डबे म्हणजे काय, ते आधी सांगतो. दर्शना बारावी होऊन बेलार्ड पियरच्या एका शिपिंग ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर लागली, तेव्हा व्याकरण तिला पाठ होतं, पण तोंड उघडायची पंचाईत. 'होल्ड ऑन प्लीज' आणि 'लाइन एंगेज्ड आहे' एवढ्यावर तिनं सुरुवातीचे महिने ढकलले. दिवसभर याची लाइन त्याला जोडायची आणि, कशाला खोटं बोला, जोडल्यावर थोडं ऐकायचंही. ऐकता ऐकता बाईंच्या ध्यानात आलं, की ही फाडफाड बोलणारी माणसं दर वेळी नवं काही बोलतच नाहीत. वाक्यं ठरलेली, आतला माल तेवढा बदलतो. 'आय वॉज वंडरिंग इफ' आलं, की मागोमाग काहीतरी मागणं आलंच. 'द थिंग इज' म्हणजे आता सबब. आणि 'नाही' हा शब्द तर कोणी उच्चारायचाच नाही. 'वी विल गेट बॅक टू यू, वी विल कीप इट ऑन फाइल' म्हणायचं आणि फोन ठेवायचा. हे तर घरातल्या फळीवरचे डबे! आज तांदूळ, उद्या पोहे, डबा तोच. दर्शनानं डबे उचलले, त्यात आपलं भरलं, आणि बघता बघता अशी बोलू लागली की पलीकडचा तिला कॉन्व्हेंटची समजायचा.

पुढे मोबाइल आले, लाइनी जोडायचा बोर्ड गेला, बोर्डामागोमाग नोकरी गेली. मग घरातच पोरींना शिकवायला लागली. नियम एकच, आणि त्या बाबतीत बाई महाखडूस. डबा मी देणार, भरायचा तुम्ही. 'टीचर, आत काय घालू?' असं कोणी विचारलं रे विचारलं, की डोळे वटारायची. तुझ्या घरी काय शिजतं ते मला काय माहीत, म्हणायची.

तो नियम तिनं स्वतःच्या हातानं मोडला. शेवंतीच्या अपेक्षासाठी.

शेवंती शेजारच्या खोलीतली. नवरा गेलेला, पदरी ही एक मुलगी. दीर धनेश पुतणीसाठी कणकवलीचं स्थळ घेऊन आला होता आणि त्याला कोण घाई! अपेक्षाला लग्न नको होतं, निदान एवढ्यात तरी नको होतं. शेवंतीनं हातापाया पडून दिराकडून कबूल करून घेतलं, की पोरीला नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. नेमक्या तेव्हाच लोअर परळला, जुन्या मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, हॉटेलांचं बुकिंग घेणाऱ्या एका कंपनीला फोनवर बोलायला मुली हव्या होत्या. डब्यांच्या चौघी मुलाखतीला जायला निघाल्या.

चौघींत अपेक्षा सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत घाबरट. आदल्या दिवशी दर्शनानं साहेब होऊन विचारलं, स्वतःबद्दल सांग. अपेक्षा 'माय नेम इज'च्या पुढे जाईना. तिच्याकडे बघून दर्शनाला पुढचं सगळं दिसलं. ही उद्या अशीच अडली तर कणकवलीला जाणार, कायमची. आणि मग बाईनं काय करावं? उत्तरंच सांगून टाकली. भरलेले डबे! 'आय हॅव ऑल्वेज बीन अ पीपल पर्सन. व्हेन थिंग्ज गो राँग, आय स्टे काम.' अपेक्षानं घोकलं. बाकीच्या तिघी शेजारीच बसलेल्या, त्यांनीही घोकलं. पहिलीपासून निबंध पाठ करून पास झालेल्या पोरी त्या, त्यांचं काय चुकलं? चौघींच्या तोंडी एकच वाक्य बसतंय हे दर्शनाला दिसत होतं. पण अपेक्षाचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला होता, म्हणून तिनं थांबवलं नाही.

व्हायचं तेच झालं. पहिली आत गेली, ते वाक्य बोलली. दुसरी तेच बोलली. तिसरीकडे साहेबानं नीट निरखून पाहिलं. अपेक्षा शेवटची. तिनं 'आय हॅव ऑल्वेज बीन' म्हटलं मात्र, साहेबानंच पुढचं म्हणून टाकलं, 'अ पीपल पर्सन.' बाजूची बाई तोंडावर हात ठेवून हसली. अपेक्षा उठून बाहेर आली ती थेट घरी. पहिलीला नोकरी लागली. वाक्य तेच होतं, ती फक्त आधी गेली होती.

दुसऱ्या दिवशी शेवंती दारात येऊन उभी राहिली. 'कालपासून माझ्या चेडवान तोंड उघडूक नाय, ताई.' बोल लावला नाही, रागावली नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर दर्शनाला बरं वाटलं असतं. रविवारी कणकवलीची माणसं येणार होती.

दर्शना ठेवणीतली साडी नेसली आणि गेली त्या काचेच्या इमारतीत. बरंच बसवून ठेवल्यावर मुलाखत घेणारा तो साहेब आला. साहेब कसला, पोरगाच. अदबीनं बोलला, कॉफी मागवली. तिला सांगायचं होतं, की बाबा रे, चूक माझी आहे, पोरीची नाही. तिला एकदा परत बोलाव आणि हवं ते विचार. एवढं सरळ सांगायचं होतं, आणि तोंडातून निघालं काय, तर 'आय वॉज वंडरिंग इफ.' पोरगा ओळखीचं हसला. तोच घोटलेला सूर; त्या चौघी कुठून आल्या ते त्याला कळलं. दर्शनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी नेटानं तिनं सगळं सांगितलं, अपेक्षाच्या लग्नाचंसुद्धा.

मग तो बोलायला लागला. 'आय टोटली अंडरस्टँड व्हेअर यू आर कमिंग फ्रॉम.' मग 'हॅविंग सेड दॅट.' मग 'अॅट द एंड ऑफ द डे.' जन्मभर परक्यांची वाक्यं ऐकलेला तिचा कान. एक शब्द झाला की पुढचे तिला आधीच ऐकू येत होते. अरे मेल्या, तुझं तरी यातलं स्वतःचं काय आहे? तुलाही कोणीतरी भरूनच दिलंय ना? पण त्याचं वाक्य त्याच्या तोंडावर पुरं करून हसायला तिथे कोण होतं? तिच्या जिभेवर आलेलं तिनं गिळलं, कारण तिला अजून मागायचं होतं. मान हलवत ती ऐकत राहिली. उठताना त्यानं ते शेवटचं वाक्यही म्हटलं, आणि दार उघडून धरलं.

करी रोडचा पूल ओलांडून ती चालतच परत आली. वाटेत मनाशी बरंच काही जुळवलं, पोरीला धीर येईल असं. पण चाळीत पाऊल टाकलं तर अपेक्षा उंबऱ्याशी बसून रविवारच्या साडीला फॉल लावत होती. दर्शनाला बघून तिनं मुलाखतीनंतर पहिल्यांदा तोंड उघडलं.

'काय म्हणाले?'

जुळवलेलं सगळं दर्शनाच्या डोक्यातून उडालं. 'म्हणाला, वी विल गेट बॅक...'

'टू यू,' अपेक्षा म्हणाली. 'अँड वी विल कीप युअर प्रोफाइल ऑन फाइल.'

कुठेही न अडखळता, अगदी टीचरनं शिकवलं होतं तसं. मग तिनं दातानं दोरा तोडला आणि साडीचं उरलेलं टोक मांडीवर ओढून घेतलं.