टपाच्या मापाची गाडी

माझ्या आईच्या डोक्यावर मधोमध केस नाहीत. पाटीखालच्या चुंबळीने खाल्ले. वर्सोव्याच्या बंदरावर सकाळी मच्छी घ्यायची, पाटी डोक्यावर चढवायची आणि घाटकोपरच्या बाजारात नेऊन विकायची, हे ती लग्न झाल्यापासून करत आली. वर्सोव्यात मच्छी विकणाऱ्या ढीगभर, म्हणून माझ्या आजीने त्या काळी लांब घाटकोपरला एक ओटा धरून ठेवला होता. तो सुनेकडे आला. आमच्या घरात वडिलोपार्जित म्हणावं असं तेवढंच. घाटकोपरमध्ये मच्छी खातं तरी कोण, असं विचारणारे शहाणे मला अजून भेटतात. रविवारी आईच्या ओट्यापुढे उभं राहून बघा म्हणावं.

बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. बोट दुसऱ्याची, जाळं दुसऱ्याचं, पाठदुखी तेवढी स्वतःची. मासेमारी बंद असायची त्या महिन्यांत घरात सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात. दुसऱ्या दिवशी बदल म्हणून भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण.

पण खरी अडचण होती ती पाटी न्यायची. ओल्या पाटीसकट बाईला या शहरात कोणी बसवून घेत नाही. बसमध्ये चढायला गेलं की आतून आधी आवाज यायचा, मग हात आडवा यायचा. रिक्षावाला लांबून बाई बघून वेग कमी करायचा आणि जवळ आल्यावर पाटी बघून वाढवायचा. एखादा थांबलाच तर विचारायचा, "मच्छी है क्या?"

"नाय, गुलाबाची फुलं हायत," आई म्हणायची. "बघतोस काय, चल!"

तो चालायचा, पण एकटाच.

मग बायका मिळून टेम्पो करायच्या. तो साकीनाक्याला उतरवायचा, पुढे पायी. सुट्टीच्या दिवशी छोटी पाटी घेऊन मीही मागून चालायचे.

कॉलेजात माझ्या शेजारच्या मुली रुमाल नाकाला लावून बसायच्या. मी हात लिंबाने धुवून जायचे, तरी वास राहायचाच. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला पुस्तकात कळलं, त्या वासाला ट्रायमिथाइल अमाइन म्हणतात. परीक्षेत त्यावर प्रश्न आला. रुमालवाल्यांनी तो सोडून दिला. मी सोडवला. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी अजूनही कोणी न विचारता सांगते आणि सांगत राहणार.

नाहूरजवळ एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पुढे वरची जागा मिळाली, आणि मी ठरवलं की रोजच्या जाण्यायेण्याला गाडी घ्यायची. वर्सोवा ते नाहूर. ज्यांनी हा रस्ता सकाळी केलाय त्यांना मी काही सांगायला नको आणि ज्यांनी केला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. मला गाडी हवी होती आरामाची, कारण त्या रस्त्यावर माणूस प्रवास करत नाही, मुक्काम करतो. आणि हवी होती स्पोर्टी. म्हणजे पाय दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे. अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर पाय दाबायला जागा कुठे आहे, असं ऑफिसातल्या सगळ्यांनी विचारलं. नसू दे. जन्मभर मला मागे टाकून लोक निघून गेले. निदान एखाद्या सिग्नलला मला पहिलं सुटायचं होतं.

गाडीचं नाव काढल्यावर सल्ला द्यायला जेवढी माणसं धावली, तेवढी ओली पाटी उतरवायला कधी धावली नव्हती. ऑफिसातले साहेब म्हणाले, ऑटोमॅटिक घे, लेडीजना बरी पडते. आत्या म्हणाली, पांढरी घे, लग्नात भाड्याने देता येते. माझा मोठा भाऊ, जो आता बोटीवर तांडेल आहे आणि ज्याच्याकडे चार चाकांचं लायसनही नाही, तो म्हणाला, "एसयूव्ही घे गं! उंच पायजे गाडी. सेडान काय, म्हातारे लोक घेतात."

आईला वेगळीच काळजी होती. तिची मान तेव्हा संपावर गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोक्यावर वजन एकदम बंद. पाटी गेली, तिच्या जागी झाकणाचा निळा टप आला. पण डोक्यावर घ्यायचा नाही तर टप घाटकोपरला जाणार कसा? टेम्पो करणाऱ्या तिच्या जोडीदारणी एकेक करून थकल्या होत्या. मोबाइलवरून टॅक्सी बोलवावी, तर ड्रायव्हर यायचा, टप बघायचा आणि राइड कॅन्सल करायचा. रिक्षावाले नाक दाबायचे, हे मोबाइल दाबायचे, एवढीच प्रगती. आठवड्यातून दोन-तीन वेळा आई बाजारात पोचायचीच नाही.

आणि ओट्याचा कायदा साधा आहे. बाई आली नाही की शेजारीण सरकते. आधी कोलंबीची टोपली ठेवते, मग सुरी ठेवते, मग स्वतः बसते. महिनाभर बसली की ओटा तिचा. आईच्या ओट्यावर कोलंबीची टोपली आली होती.

"आता घरी बस की," दादा जेवताना म्हणाला. "किती करशील?"

"घरी बसून काय करू? तुजं तोंड बघू?" आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाय, तुज्या गाडीत टप बसल काय?"

"बसेल की."

"बसल नको बोलू. बसवून दाखव. टप जाणार नसल तर मना नको फिरवू तुज्या गाडीत."

ऑफिसच्या वाटेवरच घाटकोपर. रोज सकाळी तिला सोडून पुढे जाता आलं तर ओटा राहणार होता, नाहीतर गेला. म्हणून शनिवारी आम्ही तिघं अंधेरीच्या शोरूममध्ये गेलो ते टप घेऊन. घासूनपुसून, गोणपाटात गुंडाळून. रिकामा होता म्हणून रिक्षावाल्याने नेला, तरी तीनदा मागे वळून बघितलं.

शोरूममधला सेल्समन टाय लावून आला आणि सरळ दादाशी बोलायला लागला. "सर, डेली रनिंग किती आहे तुमचं?"

"सर बोट चालवतात," मी म्हटलं. "गाडी मी चालवते."

"ओके मॅडम. मग लेडीजसाठी ही छोटी बघा ना. क्यूट आहे."

आईने क्यूट गाडीचं मागचं दार उघडायला लावलं आणि वाकून आत बघितलं. डिकी आणि बसायची जागा एकच, मध्ये फक्त सीटची पाठ. "हिच्यात सुरमई ठेवली," ती म्हणाली, "तर सुरमई आपल्या मांडीवरच बसली की."

"आंटी, सुरमई म्हणजे...?"

"आंटी कोनाला बोलतोस? मावशी बोल."

मग दादाची लाडकी एसयूव्ही. दादा तिच्याभोवती असा फिरला जणू ती त्याने समुद्रातून ओढून आणली होती. सेल्समनही खुलला, रोड प्रेझेन्स वगैरे बोलायला लागला. आई तिच्या मागे जाऊन उभी राहिली. डिकीचा तळ तिच्या पोटाच्या वर आला.

"बर्फासकट टप इथवर कोन उचलनार?" तिने दादाला विचारलं. "तू येशील रोज पहाटे?"

दादाला एकदम टायर बघावेसे वाटले.

आणि मग मला ती दिसली. लाल, बुटकी, मागे स्पॉयलर, पुढून बघितलं तर रागावलेली. मी आत बसले आणि सेल्समनचं पुढचं काहीही मला ऐकू आलं नाही. स्टीअरिंग हातात असं आलं की वाटलं, मुलींनो, आता धरा रुमाल. बाहेर आई आणि दादा डिकीत टप घालत होते. आवाजावरूनच कळलं. डिकी आत भरपूर खोल, पण तिचं तोंड लहान. टप तिरका करावा तेव्हा आत जायचा.

"मॅडम, डिकी असते बॅगांसाठी," सेल्समन म्हणाला.

"माजी बॅग हीच हाय," आई म्हणाली. मग मला हाक मारली. "उतर बाय. तिरका टप म्हंजे मच्छी आत आन् पानी भायेर."

मी उतरले. उतरायला जरा वेळ लावला, हे खरं.

कोपऱ्यात एक राखाडी सेडान होती. तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं. सेल्समन म्हणाला, "ही नको मॅडम, ही अंकल लोक घेतात." मी इंजिन विचारलं. तेच टर्बो, जे लाल गाडीत होतं. फक्त नखरा कमी. डिकी वेगळी, मध्ये पक्की भिंत, तोंड रुंद, तळ आईच्या गुडघ्याच्या थोडा वर. टप ठेवला तो थप्प करून बसला. आई पुढच्या सीटवर बसली, मान मागे टेकवली आणि डोळे मिटले. घरी तिला असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"हिच्यात मान टेकते," ती म्हणाली. मी म्हटलं, झालं. पण झालं नव्हतं. तिने डोळे उघडले. "आता टपात पानी भरा. चालवून बघू."

सेल्समन हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आम्ही कोणीच हसत नाही. त्याने मॅनेजरला आणलं.

"मॅडम, टेस्ट ड्राइव्हमध्ये पाणी नेता येत नाही," मॅनेजर म्हणाला.

"कुठे लिहिलंय?"

तो टेबलावर नियमांचा कागद शोधायला लागला. तेवढ्यात दादाने बाहेरच्या नळावर टप अर्धा भरून आणलासुद्धा. नवी होडी आमच्याकडे वजन टाकून, पाण्यात उतरवून बघितल्याशिवाय कोणी घेत नाही, हे त्याने मॅनेजरला समजावून सांगितलं. मॅनेजरला ते पटलं नाही, पण दादाचे दंड बघून तो बाजूला झाला. झाकण आहे ना, ते तरी लावा, असं सेल्समन काकुळतीला येऊन म्हणाला. "झाकन लावल्यावर गाडीची परीक्षा कसली?" असं म्हणून आईने झाकण मांडीवर घेतलं.

मी लिंक रोडला लागले. सेल्समन मागे बसून कान डिकीकडे लावून होता. खड्डे आले, गाडीने पोटात घेतले. स्पीडब्रेकर आला, मी हळूच नेली. सगळं आरामाचं, अगदी अंकल लोकांचं. मग पुढे अचानक रस्ता मोकळा झाला. मुंबईत असं होतं तेव्हा देवाने हाक मारल्यासारखं वाटतं. मी स्पोर्ट मोडचं बटण दाबलं आणि पाय दाबला. पाठ सीटला चिकटली. आई "आगो बाय!" म्हणाली. मागून सेल्समन काहीतरी इंग्रजीत म्हणाला. आणि पुढे सिग्नल लाल झाला.

शोरूमला परत येऊन डिकी उघडली. टप तसाच सरळ उभा. पाणी मात्र त्यातून निम्मं बाहेर, आणि डिकीतला गालिचा चपचपीत. आईने वाकून टप हलवून बघितला, बोटाने गालिचा दाबून बघितला आणि निकाल दिला.

"गाडी चांगली हाय. टप हालला नाय. पानी सांडला तो तुज्या पायानं."

"मॅडम, ही डेमो कार आहे!" मॅनेजर म्हणाला.

"सुकल," आई म्हणाली. "आज गोडा पानी हाय. आमची गाडी येल तवा पापलेटाचा असल."

गाडी घ्यायच्या दिवशी शोरूमवाल्यांनी त्यांचा सोहळा केला. गाडीवर साटिनची चादर, पुठ्ठ्याची अवाढव्य किल्ली, वर केक. केक कापून गाडी का घ्यायची ते मला कळलेलं नाही, गाडीचा वाढदिवस होता का? आईने पिशवीतून नारळ काढला आणि होडी पाण्यात सोडताना करतात तशी पूजा केली. बॉनेटला कुंकू, स्टीअरिंगला कुंकू, आणि मॅनेजर जवळ उभा होता म्हणून त्याच्याही कपाळाला कुंकू. आत्याचं म्हणणं होतं की बोटीसारखा बावटा लावा. तो मी लावू दिला नाही. दादाने बोटीवरचा दोर आणला होता. त्याने डिकीतल्या कड्यांना गाठी मारून टपाची जागा अशी बांधली की आता मी कितीही पाय दाबला तरी टप जागचा हलत नाही. एसयूव्हीचं नाव त्याने परत काढलं नाही. तळाला रबरी ट्रे मी टाकला, टपाला झाकण आई लावते.

मागे एकदा ऑफिसातले साहेब पाऊस नसताना छत्री विसरले म्हणून माझ्या गाडीत बसले. म्हणजे फुकट घरी सोडून हवं होतं. डिकीत आपली बॅग ठेवायला गेले आणि नाक मुरडत परत आले.

"कसला तरी वास येतोय का गं?"

"येतोय ना सर. ट्रायमिथाइल अमाइन."

पुढच्या वेळेपासून ते रिक्षाने जातात. रिक्षावाले त्यांना लगेच बसवून घेतात.

गाडी आल्यावर पहिल्या सकाळी आम्ही बाजारात पोचलो तेव्हा आईच्या ओट्यावर कोलंबीवाली मांडी घालून बसली होती. आई पुढच्या दारातून उतरली, दार जरा जास्तच जोरात लावलं. बाजारातल्या बायका गाडीकडे बघायला लागल्या. मी डिकी उघडली, दोघींनी टप उतरवला, बाहेरून कोरडा, पाण्याचा एक थेंब न सांडता.

"सरक," आई कोलंबीवालीला म्हणाली.

"आलीस काय? मना वाटला, तू सोडलास."

"तुला वाटल. सरक."

ती सरकली. आधी स्वतः, मग सुरी, मग टोपली.

घाटकोपरच्या बाजारातला तो ओटा आज माझ्या आईचा आहे. ती रोज सकाळी तिच्या पदवीधर लेकीच्या गाडीतून, टप घेऊन, पुढच्या सीटवर मान टेकून तिथे जाते. डोक्यावर काही नसतं.