बाहेरून लावलेलं कुलूप

शिवलेले कपडे पोचवायला निघाली, की शिंपीणबाई सात वर्षांच्या लेकीला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावायची. आज घटस्फोटाच्या दाव्यात न्यायाधीशांनी लेकीला एकटीलाच आत बोलावलं, तेव्हा आई बंद दाराकडे बघत बाहेर बसली.

“पढवू नका,” वकीलबाईंनी बजावलं होतं. “तिचं ऐकतील, पण ताबा तेवढ्यावरच ठरत नाही.”

लेक उड्या मारत बाहेर आली.

“काय सांगितलंस गं?”

“तू कुलूप लावतेस ते.”

आईने तिला बाजूला ओढलं. “मग?”

“भीती वाटते का, विचारलं. म्हटलं, मला नाही, आईला वाटते. कोपऱ्यावरून परत येऊन खिडकीतून बघते.”

निकाल अजून व्हायचा होता. आईने लेकीचा हात धरला.

“आई, दुखतंय ना!”