डोहातला सुरुंग

लग्न होऊन दारणेच्या काठी आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्यांनी मला मोठा डोह दाखवला. नदी आटली की उरलेली मासळी तिथे गोळा व्हायची. आम्हा भोयांची जाळी इतर पाण्यात पडत, डोहात कधीच नाही.

"हे बियाणं हाय," सासरे म्हणाले. "पावसात हीच मासळी वर चढून अंडी घालती. हिला हात लावला तर पुढल्या साली नाशकाच्या बाजारात पाटीत काय घेऊन बसशील?"

पाटी घेऊन बाजारात मीच बसायची, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

पुढे आग्रा रस्त्याच्या कामासाठी आमच्या शिवेवर खडीची खाण निघाली. एका दुपारी मी नदीवर धुणं धूत होते. खाणीचा मुकादम चार माणसं घेऊन आला आणि एकाने सुरुंगाची कांडी पेटवून डोहात टाकली. दणका बसला, पाणी उडालं, आणि ते निवळलं तसे मासे पोट वर करून तरंगायला लागले. मरळ, वाम, हातभर लांबीचे खडस, आणि बोटाएवढी पिल्लं तर किती तरी. त्यांनी मोठे तेवढे पोत्यात भरले, बाकीचे तसेच टाकले.

मी मुकादमाला आडवी गेले. तो म्हणाला, "नदी काय तुझ्या बापाची हाय?"

सासऱ्यांना घेऊन मी पाटलांकडे गेले, तर त्यांच्या घरी त्याच मासळीचं कालवण शिजत होतं. मग आम्ही दोघं पायी नाशकाला मामलेदार कचेरीत गेलो. साहेब फिरतीवर होते. कारकून म्हणाला, "माशांची कसली तक्रार? नदी सरकारची, मासे सरकारचे."

"मग सरकारचे मासे मेले, असं तरी लिहून घ्या," मी म्हणाले.

त्याला हसू आलं. बाजूच्या कारकुनालाही त्याने ते सांगितलं. लिहून मात्र काहीच घेतलं नाही. आम्ही आणखी दोनदा गेलो. तिसऱ्या खेपेला शिपायाने दारातूनच परत पाठवलं. परतताना मी इतकी धुमसत होते की चपलेचा अंगठा तुटला तरी तशीच चालत राहिले.

खाणवाले आठवड्याच्या आठवड्याला येऊ लागले. एका सकाळी नवऱ्याने माझ्या पाटीत मोठमोठे खडस आणून ओतले. मी एक उचलला. अंग लिबलिबीत, कणा तुटलेला.

"डोहातले?"

"मेलेलेच होते. आपण नाय आणले तर दुसरा नेईल."

"मी नाय विकणार."

"मग घरात काय शिजवशील, ते पण सांग."

त्या दिवशी मी बाजारात गेले नाही. मासे उकिरड्यात पुरले. गावातल्या इतर भोयांनी मात्र तसे मासे विकायला सुरुवात केली होती, आणि गिऱ्हाईक काही विचारत नव्हतं.

हे थांबलं ते आमच्यामुळे नाही. खाणवाल्यांपैकी एकाच्या हातातच कांडी फुटली आणि त्याचा पंजा गेला. त्यानंतर कुठूनसा साहेब आला, खाणीवरच्या सुरुंगाच्या दारूला कुलूप लागलं, मुकादमाची बदली झाली. त्या जखमी माणसाची बायको नदीवर रडत बसली होती. मी तिला पाणी दिलं. वाईट वाटत होतं, आणि तरीही मनात येत होतं, माणसाचा हात जाईपर्यंत आमचं कुणाला ऐकूच आलं नाही.

पुढली दोन वर्षं जाळी जवळजवळ रिकामी निघाली. नवरा त्याच खाणीवर खडी फोडायला गेला. सासरे आणि मी उन्हाळाभर डोहावर राखण करत बसायचो. मरळ हळूहळू परतली, वामही दिसू लागली. खडस काही परत आला नाही. सासरे जाईपर्यंत मला विचारत, "आज दिसला का गं?"

मी नाही म्हणायची, आणि ते पुन्हा पाण्याकडे बघत बसायचे.