बिनकाठाच्या अकरा टोपल्या

माझ्या घराची वरची खोली मी तीन वर्षं एका कलासंस्थेला वापरायला दिली होती. संस्था गावाकडच्या कारागिरांना शहरात आणायची, दीड-दोन महिने ठेवून घ्यायची, त्यांचं काम फोनवरून थेट लोकांना दाखवायची आणि शेवटी प्रदर्शन भरवायची. त्या खोलीत सहा जण राहून गेले. डायरीत सगळ्यांचीच पानं आहेत, पण सांगावंसं वाटतं ते टोपलीवालीबद्दल.

ती मंगळवारी सकाळी पावणेअकराला आली. पन्नाशीची, अंगाने किरकोळ, बोटांवर बारीक कापल्याच्या खुणा. एका हातात कपड्यांची पिशवी आणि खांद्यावर बांबूच्या कामट्यांचा माणसाएवढा भारा. भारा जिन्याच्या वळणावर अडकला तेव्हा ती माझ्यावरच चिडली, की असला अरुंद जिना बांधला कोणी. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी. "मग बोलण्यात अर्थ नाही," ती म्हणाली, आणि आमचं तिथेच जमलं.

कामट्या भिजत घालायला तिने माझा कपड्यांचा टब घेतला, तो सहा आठवडे परत मिळाला नाही. सकाळी सातला ती खिडकीखाली बसे. बुडाच्या कामट्या पायाच्या अंगठ्याने दाबून धरायची आणि एक खाली, एक वर अशी विणत जायची. तोवर ठीक असे. चार वाजता संस्थेची संयोजक मुलगी यायची. तिच्या दोन्ही हातांत दोन फोन, म्हणून टोपलीवालीने तिचं नाव फोनवाली ठेवलं होतं. ती दिवा लावायची, फोन तिकाटण्यावर बसवायची आणि मग टोपलीवालीने विणता विणता बोलायचं. लोक प्रश्न लिहीत, फोनवाली वाचून दाखवी. एकीने विचारलं, ही टोपली मांजराला झोपायला चालेल का. टोपलीवाली म्हणाली, मांजराला विचारा. एकाने विचारलं, एका टोपलीला किती वेळ लागतो. "मधे कोणी बोललं नाही तर तीन दिवस."

लोकांना हे फार आवडायचं. तिला मात्र त्याचा शीण यायचा. तोच वेढा, उजेड नीट पडला नाही म्हणून, तीनतीनदा घ्यायचा. रोज नव्याने तेच सांगायचं, की बांबू कुठला, आईने शिकवलं की सासूने. पाचनंतर ती भिंतीला पाठ लावून बसे आणि माझ्या चहालाही नको म्हणे. एकदा मला म्हणाली, "बाई, विणायला हात आणलेत मी. हे तोंड कुठून आणू?"

पाचव्या आठवड्यात माझ्या नोंदीप्रमाणे अकरा टोपल्या झाल्या होत्या आणि एकीलाही काठ नव्हता. उभ्या कामट्यांची टोकं तशीच वर, विस्कटलेल्या केसांसारखी. फोनवालीला वाटत होतं, काठ सगळ्यांचे एकदम शेवटी बांधायचे असतील. त्या गुरुवारी तिने सांगितलं, शनिवारी शेवटचा कार्यक्रम, लोकांसमोर एक टोपली पुरी करायची. ती बघूनच संस्था चार कारागीर निवडणार आणि त्यांचा माल वर्षभर शहरात विकणार.

"काठ मी बांधत नाही," टोपलीवाली म्हणाली. "थोरली जाऊ बांधते."

फोनवालीला आधी हे कळेचना. संस्थेने निवड करताना गावच्या घराची चित्रफीत पाहिली होती, त्यात बोलकी होती ती ही. मागे कोपऱ्यात बसून काठ बांधणारी म्हातारी कोणी बघितलीच नव्हती. मग फोनवालीने समजावलं, की ताई, आता सगळं फोनवर शिकता येतं, आणि कुठल्याशा माणसाचा काठ बांधतानाचा व्हिडिओ तिच्यासमोर धरला. टोपलीवालीने तो मान तिरकी करून बघितला.

"पहिलाच वेढा उलटा घेतलाय याने. दोन महिन्यांत सुटेल."

तेवढ्यात फोनवालीचा दुसरा फोन वाजला आणि ती बोलत बोलत खाली गेली. माझ्या मात्र लक्षात आलं. मी म्हटलं, अगं, तुला येतं की. तिने एक टोपली पुढ्यात ओढली, दोन जाड पट्ट्या तोंडाशी आतबाहेर धरल्या, टोकं छाटली आणि पातळ भिजल्या कामटीचे वेढे घेत गेली. वीस मिनिटांत काठ पुरा. मी बोट फिरवून पाहिलं, कुठे कुसळ लागेना. मग तिने सुरी घेतली आणि सगळे वेढे कापून टाकले. म्हणाली, छाटलेल्या जागी नव्या कामट्या खोचून घेईन, कोणाला कळणार नाही.

नंतर सांगितलं ते असं. जावेची नजर पाच वर्षांपूर्वी गेली. विणायला डोळे लागतात, काठ चाचपून बांधता येतो, म्हणून तेवढं काम तिच्याकडे राहिलं. मोठे दीर वारले. पुतण्या, म्हणजे जावेचाच मुलगा, आणि त्याची बायको वर्षभर म्हणताहेत, की हिला आता लेकीकडे सोडावं, इथे हिचं काय काम. लेकीच्या घरी चार माणसांना दोन खोल्या. "काठ आहे म्हणून ती घरात आहे. आणि हा तुमचा चारचा कार्यक्रम आमच्याकडे पण बघतात. पुतण्या आवाज मोठा करून लावतो, ती शेजारी बसून ऐकते."

मी म्हटलं, वर्षभराचं काम हातचं जाईल. ती म्हणाली, ठाऊक आहे. डोळे मिटून बसली होती.

शनिवारी नेहमीपेक्षा दुप्पट लोक बघत होते. टोपली विणून झाली. फोनवाली गोड आवाजात म्हणाली, आता ताई काठ बांधून दाखवतील. टोपलीवालीने हात मांडीवर ठेवले.

"मला काठ येत नाही. आमच्या घरात तो एकीलाच येतो, ती इथे नाही. ती नाही तर टोपली नाही."

फोनवालीचा चेहरा पडला. कुणी लिहिलं, अर्धवट काम दाखवायला बोलावलं का. फोनवालीने कार्यक्रम आवरता घेतला, दिवा बंद केला आणि जाताना मलाच म्हणाली, आजी, संस्थेतल्या वरच्यांना आता मी काय सांगू. तिचंही चुकीचं नव्हतं. यादीत चौघं आली ती दुसरीच.

पंधरा मिनिटांत गावाहून फोन आला. टोपलीवालीला फोन कानाशी धरायचंही त्राण नव्हतं, तिने तो जमिनीवर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडून त्या म्हातारीचा खणखणीत आवाज.

"अगं, तीस वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस आणि काठ येत नाही? चारचौघांत सांगतेस वर? लाज नाही वाटली?"

"वाटली की, जाऊबाई."

"पुतण्या तुझा तोंडात मारल्यासारखा बसलाय. मला म्हणतो, काकी आली की तिला शिकव म्हणून. मी म्हटलं, मठ्ठ आहे ती, वर्ष जाईल."

"दोन जातील."

"हसू नकोस. ये मुकाट्याने. टोपल्या सगळ्या घेऊन ये, मी बांधते."

टोपलीवाली हसत नव्हती. म्हणाली, "आणते. पण माझ्या डोक्यात शिरेल असं काही नाही बघा," आणि फोन ठेवून, पाय लांब करून तिथेच जमिनीवर आडवी झाली. मी तिच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि दार ओढून घेतलं.